तबकडीतून कापलेली हजेरी

दिगंबर मास्तरांना ‘पोस्ट-पंक’ हा शब्द पहिल्यांदा मी सांगितला, आणि सांगताना मला स्वतःचं भारी कौतुक वाटत होतं. आज ते आठवलं की तोंडात कडू पाणी येतं.

“पंक म्हंजे काय गं?” मास्तरांनी विचारलं. जालन्याच्या मस्तगडातल्या आमच्या गल्लीत, त्यांच्या घराच्या ओट्यावर बसून ते शेंगा फोडत होते. मी मोबाईलवर वाचलेलं सांगितलं. विलायतेत काही पोरं होती, भयंकर चिडलेली. त्यांना वाद्यं वाजवता येत नव्हती, तरी वाजवायची.

“आम्हाला वाजवता येत होतं,” मास्तर म्हणाले.

“आणि पोस्ट म्हणजे त्याच्यानंतरचं. मग त्यातल्या काही जणांनी आपला मुख्य बँड सांभाळून बाजूला आणखी वेगळे प्रयोग केले. त्यांना साइड प्रोजेक्ट म्हणतात. त्याच्या जुन्या तबकड्या आता पुन्हा छापतात. लोक शोधत येतात, मास्तर!”

मास्तरांनी दोन शेंगा फोडल्या. दाणे वाटीत, टरफलं कागदावर. “मंग बराबर हाय. आमचंबी लग्नसराई संपल्यावरचंच हाय ते.”

मास्तर जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्यावर लिही असं मला कोणी सांगितलेलं नाही. मी पत्रकं लिहिणारी मुलगी. नळाला पाणी नाही, रेशनच्या गव्हात खडे, शाळेची खोली गळते, असल्या गोष्टींवर मी एका पानात ओरडते आणि ते पान चौकात वाटते. माणसावर लिहायची मला सवय नाही. पण पुण्यामुंबईच्या घरांमध्ये मास्तरांचं वाजवणं आज सुईखाली फिरतंय, कव्हरवर ‘कलाकार अज्ञात’ छापलंय, आणि ऐकणारे डोळे मिटून माना हलवतायत. ते मला बघवत नाही. म्हणून लिहिते.

आमच्या गल्लीला मास्तर दोन प्रकारे माहीत होते. एक म्हणजे जाफराबादच्या एका सरकारी कार्यालयातले आवक-जावक लिपिक. येणाऱ्या कागदाला नंबर द्यायचा, जाणाऱ्या कागदाला नंबर द्यायचा. उभी नोकरी यात गेली. रोज एस.टी.ने अप-डाऊन. दुसरं म्हणजे लग्नाच्या बँडमधले क्लॅरनेट मास्तर. बँडमध्ये जो पुढे उभा राहून सूर धरतो त्याला मास्तर म्हणतात. लग्नसराईत त्यांचे रजेचे अर्ज ठरलेले असायचे: ‘घरगुती कारणास्तव’. साहेबाच्या मुलीच्या लग्नात तेच वाजवत होते. साहेबानं बघितलं आणि काही बोलला नाही, असं ते हसत सांगायचे.

पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. घरात येणाऱ्या प्रत्येक कागदावर कोपऱ्यात नंबर आणि तारीख. लाइटबिल असो, लग्नाची पत्रिका असो, माझं पत्रक असो. माझ्या पत्रकांची तर त्यांनी वेगळी फाइल केली होती. दुसऱ्या दिवशी ती लाल पेनाच्या दुरुस्त्यांसह माझ्याकडे परत यायची.

“काय पत्रकवाले, किती उद्गारचिन्हं टाकतीस? एका पानावर एक पुरं. दुसरं लावलं की लोकांचा पहिल्यावरचा विश्वास उडतो.”

कान मात्र कागदाचे नव्हते. सकाळी आमच्या घरासमोरून जाताना थबकायचे आणि आईला म्हणायचे, “वहिनी, तुमची मोटर काळी चारमधी रडून राह्यली. बेअरिंग बघा.” बेअरिंग खरंच गेलेलं असायचं. मिक्सर, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, एस.टी.चा दुसरा गिअर, सगळ्यांची पट्टी त्यांना पाठ. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, वैतागून म्हणायच्या, “माझी तेवढी पट्टी न्हाई सापडली ह्यांना.” मास्तर म्हणायचे, “सापडली हाय. पण तिथं माझा हात पोचत न्हाई.”

आता हजेरीचं सांगते, कारण सगळं तिथेच अडतं.

लग्नाच्या बँडची गाडी तुम्ही पाहिली असेल. गाडीवर मालकाचं नाव. ढोलावर मालकाचं नाव. टोपीवर, छातीवरच्या पट्ट्यावर, भोंग्यावर मालकाचं नाव. वाजवणाऱ्यांना सगळे ‘ए बँडवाले’ म्हणतात. वरातीपुढे तीन तास घाम गाळायचा आणि जेवायला शेवटच्या पंगतीला, मांडवाच्या बाहेर बसायचं. हे अजूनही असंच आहे, ज्यांना पटत नाही त्यांनी येत्या सराईत जाऊन बघावं.

यावर मास्तरांनी एक पद्धत काढली होती. वाजवायला सुरुवात करण्याआधी ते पोरांना गोलात उभं करायचे आणि हजेरी घ्यायचे. नाव, बापाचं नाव, गाव. आडनाव घ्यायचं नाही. “आडनावानं पंगत ठरती,” ते म्हणायचे, “सूर ठरत न्हाई.” आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं तोंडानं ‘हजर’ म्हणायचं नाही, आपल्या वाद्यावर एकदा वाजवायचं. एकच ठोका, एकच सूर. माणूस आलाय हेही कळतं आणि वाद्य धड आहे हेही. मास्तरांचं नाव मास्तर स्वतः घेत नसत. ते शेवटी ढोलवाल्यानं घ्यायचं.

ढोलवाले चांदभाई. जाफराबादचे. मास्तरांपेक्षा चार वर्षांनी लहान, आणि बँडमधल्या पाच जणांतले आज एकटे उरलेले. पिंपळगाव रेणुकाईच्या लग्नाचा किस्सा त्यांनीच मला सांगितला.

“नवरदेव घोड्यावर बसेल होता. मालक माइकमधी खुदका नाव तीन बार बोलला. मंग नवऱ्याचा मामा आला, म्हणे ए बँडवाले, जल्दी वाजवा. मास्तर गेले सीधे माइकपाशी. आन् लावली ना हजेरी माइकमधी! सखाराम धोंडिबा, पिंपळगाव रेणुकाई! आमचा सखाराम त्याच गावचा, ट्रम्पेटवाला. त्यानं असा सूर मारला की घोडं दोन पाय मागं सरलं. त्याचा बाप मांडवाच्या कडेला उभा होता. गावात त्याचं नाव भोंग्यातून पहिल्यांदा निघालं, बेटा. म्हातारा पागोटं सारखं करायला लागला.”

“मामा काय म्हणाला?”

“मामा भडकला. म्हणे मास्तर, मुहूर्त जाऊन राह्यला, हे काय लावलं? मास्तर म्हणे, मामा, पाचच नावं हायेत. तुमच्या पत्रिकेवर बेचाळीस हायेत, मी मोजली.”

मालकानं त्यांना पुढच्या दोन लग्नांना घरी बसवलं. तिसऱ्याला बोलवावंच लागलं, कारण तेवढं वाजवणारे दुसरे जिल्ह्यात नव्हते. तिसऱ्यालाही मास्तरांनी हजेरी घेतली.

त्यांची तबकडी निघाली तेव्हा मी जन्मलेली नव्हते. पावसाळ्यात लग्नं नसतात. त्या रिकाम्या महिन्यांत हे पाच जण एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये जमायचे, कारण तिथे आवाज घुमायचा. मास्तरांकडे रेडिओ होता, त्यावर खरखरीतून कुठकुठलं परदेशी वाजवणं ते ऐकायचे. भाषा कळत नव्हती. “पण कोणीतरी ठरवून वाकडं वाजवून राह्यलंय एवढं कळत होतं,” ते म्हणायचे. “म्हटलं, वाकडं तर आपल्यालाबी येतं. आपण रोज सरळ वाजवतो ते मालकासाठी.”

मग त्यांनी वाकडं वाजवलं. सखारामनं ट्रम्पेट पाण्याच्या बादलीत तोंड करून फुंकला. माहोऱ्याच्या भगवाननं बेंजोच्या दोन तारा काढून टाकल्या आणि उरलेल्यांवर खिळा फिरवला. राजूरच्या नामदेवनं झांज पोत्यावर ठेवून वाजवली, मेल्यासारखी. चांदभाईंनी ढोलाला ओलं फडकं गुंडाळलं. आणि मास्तर क्लॅरनेटवर लग्नातली वरातीची चाल इतकी सावकाश वाजवत गेले की ती वरात आहे का अंत्ययात्रा हे कळेना. मधूनच ते क्लॅरनेट बाजूला ठेवून ऑफिसातल्या आवाजात वाचतात: जाफराबाद, आवक. भोकरदन, जावक. जालना, प्रलंबित. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला.

ते सगळं टेपवर घेतलं, आणि मुंबईच्या एका ओळखीतून थोड्या तबकड्या छापून आल्या. छापील कव्हर परवडणारं नव्हतं, म्हणून मास्तरांनी ऑफिसच्या खाकी पाकिटांसारखी मोठी पाकिटं आणली आणि वर एकच शिक्का मारला: जावक. नावं कुठेच लिहिली नाहीत. कारण नावं आत होती. सुई ठेवली की पहिली दीड मिनिटं हजेरी आहे. पाच नावं, पाच गावं, पाच उत्तरं. त्याच्यानंतर वाजवणं.

“कव्हरवर का नाही लिहिलं?” मी एकदा विचारलं होतं.

“कागदाची नोकरी केली मी, पोरी. कागदाला वाळवी लागती. कागद दुसऱ्या फायलीत जातो. कागदावरचं नाव खोडता येतं, मी खोडताना पाह्यलंय. याच्यातलं खोडायचं म्हंजे तबकडीच फोडावी लागंल.”

चुकले मास्तर. उभ्या आयुष्यात प्रत्येक कागदाला नंबर देणारा माणूस, आणि त्यानं एवढ्या एकाच गोष्टीत कागदावर विश्वास ठेवला नाही.

त्या तबकड्यांचं तेव्हा काही झालं नाही. एक रेडिओला पाठवली, ती ‘प्रसारणास योग्य नाही’ म्हणून परत आली; ते पत्र मास्तरांच्या आवक फाइलीत नंबर टाकून लावलेलं होतं. काही पावण्यारावळ्यांना वाटल्या, बाकी भंगारात गेल्या. बँड फुटला. सखाराम, भगवान, नामदेव एकेक करून गेले. मास्तरांना कवळी बसली आणि क्लॅरनेट सुटलं, कारण फुंकताना कवळी हलायची.

मग सौरभ आला.

पुण्याचा. जुन्या तबकड्या गोळा करून त्या पुन्हा छापायला देणारा. जुन्या बाजारात त्याला खाकी पाकीट सापडलं होतं. त्यानं फेसबुकवर विचारलं, ‘मस्तगड, जालना इथले दिगंबर विठोबा कोणाला माहीत आहेत का?’ मी उड्या मारत उत्तर दिलं. मीच त्याला स्टेशनवरून घेऊन आले. मीच ओट्यावर बसवलं. हेही लिहून ठेवते: मीच.

हे नीट लक्षात घ्या. त्याच्या तबकडीच्या पाकिटावर शिक्क्याशिवाय काही नव्हतं. तो जालन्यात पोचला तो हजेरी ऐकून. नाव, बापाचं नाव, गाव, तबकडीतून कान लावून लिहून घेतलं आणि आला.

गोड बोलला. काकूंचा चहा दोनदा घेतला. मास्तरांना ‘अंकल’ म्हणाला. “अंकल, हे किती रॉ आहे तुम्हाला कल्पना नाही.” मास्तर म्हणाले, “कच्चं न्हाई ते. आम्ही दोन पावसाळे बसलो व्हतो त्याच्यावर.” सौरभ हसला, त्याला वाटलं विनोद आहे. फोटो काढताना म्हणाला, खिशातली पेनं काढता का, आणि कुठे एखादं कापसाचं मशीन आहे का मागे घ्यायला. मास्तरांनी पेनं काढली नाहीत. मशीन कुठे आहे तेही सांगितलं नाही.

उठताना त्यानं विचारलं, “अंकल, कव्हरवर काही माहिती टाकायची आहे का?”

मास्तर म्हणाले, “सगळं आत हाय. सुरुवातीलाच हाय.”

मी तिथे होते. पत्रकात नाव राहिलं तर भांडणारी मी, कागदावर लिहून द्या असं म्हणाले नाही. मास्तर इतक्या थाटात म्हणाले होते की मला तेच पुरेसं वाटलं.

सात-आठ महिन्यांनी पार्सल आलं. पाच तबकड्या. मास्तरांनी चांदभाईंना फोन करून बोलावून घेतलं. ते जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जाफराबादहून आले, इस्त्रीचा शर्ट घालून. काकूंनी तांदळाची खीर केली. कव्हर बघितलं. खाकीच, पण महागडं, जाड, मुद्दाम मळकट केलेलं. शिक्कासुद्धा छापलेला. मास्तरांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, “शिक्का वाकडा मारलाय. आमचा सरळ व्हता.”

सुई ठेवली. चांदभाईंनी गुडघ्यावर बोट उचलून धरलं, आपल्या ठोक्याची वाट बघत.

थेट क्लॅरनेट सुरू झालं.

“मागं घे,” मास्तर म्हणाले. मी सुई मागे घेतली. पुन्हा क्लॅरनेट.

“दुसऱ्या बाजूला असंल,” चांदभाई म्हणाले. दुसरी बाजू लावली. तिथेही नव्हती. मास्तर उठले, कपाटातून आपली जुनी तबकडी काढून लावली. खर्र खर्र, आणि मग तरुण मास्तरांचा खणखणीत आवाज: नामदेव किसन, राजूर. झांज. भगवान लक्ष्मण, माहोरा. तार. चांदभाईंनी तोंड भिंतीकडे केलं.

मी कव्हर उलटं करून बारीक इंग्रजी वाचलं. ‘भारताच्या कापूसपट्ट्यातला हरवलेला प्रायोगिक पोस्ट-पंक. कलाकार अज्ञात. कारखान्यातल्या कामगारांनी यंत्रांच्या साथीनं केलेलं असावं.’ आणि सगळ्यात खाली: ‘विशेष आभार: दिगंबर अंकल, जालना. चहाबद्दल.’

“कामगार?” मास्तर म्हणाले. “मी वर्ग तीन हाय.”

मी सौरभला फोन लावला, स्पीकरवर.

“ते सुरुवातीचं ना?” तो म्हणाला. “ते साफ करताना काढलं. टेस्टिंगसारखं वाटत होतं. आता बघ, ऐकणारा डायरेक्ट आत जातो.”

“ती त्यांची नावं आहेत.”

“हो, हो, मला माहितीये.”

“माहीत आहे? मग अज्ञात कसे?”

“अगं, तसं नाही. बाहेरच्या देशातलं लेबल आहे, तबकडी काढणारी कंपनी. त्यांना ती मिस्ट्री आवडते. म्हणजे कोण होते, कुठून आले... नावं टाकली की लोकल होऊन जातं.”

लोकल होऊन जातं! मास्तर म्हणायचे म्हणून या पानावर मी एकच उद्गारचिन्ह वापरणार होते. दोन-तीन उगाच खर्च झाली, पण हे हक्काचं. ज्या हजेरीचा पत्ता धरून हा माणूस मस्तगडात आला, काकूंचा चहा प्याला, तीच हजेरी यानं लॅपटॉपवर कापून टाकली. विसरून नाही. ठरवून. गावाचं नाव लागलं की मालाची किंमत उतरते म्हणून. बँडच्या मालकानं निदान आपलं नाव लावलं होतं. यानं कोणाचंच लावलं नाही आणि त्याला सौंदर्य म्हणाला. नंतर त्यानं पुण्यात ही तबकडी ऐकण्याच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकला. अंधारी खोली, गाद्यांवर बसलेले चांगल्या घरचे लोक, मांडीवर कापडी पिशव्या, मिटलेले डोळे. एक जण म्हणत होता, “यात एक अनाम वेदना आहे.” अनाम कशी असेल? तिची नावं मला पाठ आहेत.

पार्सल आलं त्या रात्रीच मी पत्रक लिहिलं. जन्मात इतकं धारदार लिहिलं नसेल. मथळा ठळक: ‘दिगंबर मास्तरांना न्याय द्या’. सकाळी चौकात वाटलं, मोबाईलवर फिरवलं. लोकांनी लाल बदाम पाठवले. लेबलवाल्यांनी उत्तर दिलं, ‘आम्ही तुमच्या भावना ऐकत आहोत.’ मी फुगले. दुपारी पत्रक मास्तरांकडून परत आलं, कोपऱ्यात नंबर, आणि मध्ये दोन शब्दांभोवती लाल गोल.

मी लिहिलं होतं: ‘दिगंबर मास्तर व इतर सहकारी’.

मी ओट्यावर गेले. मास्तर चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं.

“हे इतर कोण?” त्यांनी विचारलं. “आमच्या बँडमधी इतर नावाचा माणूस नव्हता.”

जागा पुरली नाही म्हणावं तर खाली माझ्या संघटनेचं नाव आणि माझा फोन नंबर मोठ्या अक्षरात होता.

“त्या पोरानं पाच कापली,” मास्तर म्हणाले. “तू चार कापली. जा, चहा घे आत.”

मी सगळ्यांवर किळस ओततेय, तर त्यातला एक पेला माझाही आहे. तो पिऊन पुढचं लिहिते.

सौरभचा फोन आला, उरलेल्या प्रतींवर स्टिकर लावतो, मास्तरांचं एकट्याचं नाव टाकतो, ‘स्टोरी’ चांगली होईल. मास्तरांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला. “पाच न्हाई तर एकबी नको,” म्हणाले आणि मोबाईल मला परत दिला. फोन कसा कापायचा हे त्यांना येत नव्हतं. सौरभ बराच वेळ हॅलो हॅलो करत राहिला.

मग मास्तरांनी त्यांना येत होतं ते केलं. पाचही तबकड्या समोर घेतल्या. प्रत्येक कव्हरवर, त्या महागड्या मळकट खाकीवर, पट्टी लावून लाल पेनानं रेघ मारली आणि सुवाच्य सरकारी अक्षरात पाच नावं, बापाची नावं, गावं, वाद्यं लिहिली. वर आवक क्रमांक. खाली शेरा: ‘त्रुटी पूर्ततेसाठी परत.’ बरोबर एक पत्र. विषय, संदर्भ, महोदय, सगळं. ‘सोबतच्या तबकडीत सुरुवातीची हजेरी आढळून येत नाही. तरी ती समाविष्ट करून पुनश्च सादर करावी.’ मी म्हटलं, मास्तर, जरा कडक लिहा. ते म्हणाले, “याच्यापेक्षा कडक सरकारला येत न्हाई.”

त्याचं काय झालं ते आधीच सांगून टाकते. पार्सलं पोचली, सही आहे. उत्तर नाही. तबकडी अजून विकली जातेय, तशीच, मुंडकं कापलेली. पुढच्या महिन्यात मी आंदोलनासाठी मुंबईला गेले, आणि मी तिकडे असतानाच मास्तर झोपेत गेले. मी पोचले तेव्हा ओटा धुतलेला होता. म्हणून माझ्याकडे त्यांचं शेवटचं जे आहे ते पोस्टातलं आहे.

सकाळची अकराची वेळ. काउंटरवर एक तरुण बाई. मास्तर, चांदभाई आणि मी. मास्तरांनी पाचही तबकड्यांचं एकच मोठं पार्सल बांधून आणलं होतं, चारी बाजूंनी सुतळी, गाठीला लाख.

“पाठवणाऱ्याचं नाव?” बाईनं कीबोर्डवर बोटं ठेवून विचारलं.

मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. नामदेव किसन, राजूर. भगवान लक्ष्मण, माहोरा. बाईनं हात थांबवला.

“काका, एकच नाव लागतं. कॉम्प्युटर दुसरं घेत न्हाई.”

मला वाटलं आता मास्तर तरी काय करणार. मी पुढे झाले, म्हटलं, माझं टाका. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“एका पार्सलला एक?” त्यांनी बाईला विचारलं.

“हो.”

“मंग पाच पार्सलं कर.”

त्यांनी तिथेच, पोस्टाच्या बाकावर, ती लाख फोडली. सुतळीचे पाच तुकडे केले. पुठ्ठे मी बाहेरच्या दुकानातून आणले. मागे रांग लागली, एक जण कुरकुरला. चांदभाई त्याला म्हणाले, “थांबा भाऊ, पाच आदमी पुढं हायेत.” त्यानं आम्हाला मोजलं. तीनच होतो.

“पहिल्याचं बोला काका,” बाई म्हणाली.

“नामदेव किसन, राजूर.” मास्तर थांबले, झांज एकदा वाजायला लागतो तेवढा वेळ. मशीनमधून पावती सरकत आली.

“भगवान लक्ष्मण, माहोरा.” थांबले. पावती.

“सखाराम धोंडिबा, पिंपळगाव रेणुकाई.” थांबले. पावती.

“चांद इब्राहिम, जाफराबाद.”

चांदभाईंनी बोटांची मूठ करून काउंटरच्या लाकडावर एक ठोका दिला. बाई दचकली. “काका, वाजवू नका ना.”

“त्याची हजेरी हाय ती,” मास्तर म्हणाले. “लिहा.”

पाचव्याला मास्तर गप्प राहिले. बाईनं वर बघितलं. मग चांदभाईंनी, पोस्टातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हटलं, “दिगंबर विठोबा, मस्तगड.”

मास्तरांनी कवळी काढून रुमालात ठेवली आणि बंद ओठांनी एक खालचा सूर धरला. फार नाही. एक पावती छापून बाहेर येईपर्यंत.

मग त्यांनी कवळी बसवली, पाचही पावत्या घेतल्या, एकेक नाव बोट ठेवून तपासलं. चौथीवर थांबून ती काचेखालून परत आत सरकवली.

“इब्राहिमचा रकार राह्यलाय, बाई. दुसरी काढ.”